हिब्रूतलं माझं पहिलं बिनचूक वाक्य

परवा दुपारी भिलाईत, सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये, बाबांनी माझं सर्टिफिकेट पाहुण्यांना दाखवलं. पाहुणे म्हणजे त्यांचे स्टील प्लांटमधले जुने सोबती. "हमारी बेटी बाहर जाके हिब्रू सीखके आई," असं म्हणत बाबांनी वरचं प्लॅस्टिक रुमालाने पुसलं.

याच सर्टिफिकेटचा फोटो माझ्या भावाने इथे टाकला होता आणि तुम्ही सगळ्यांनी भरभरून अभिनंदन केलंत. खरंतर आभार मानायलाच बसले होते... पण एकेक कमेंट वाचताना तोंड कडू होत गेलं. म्हणून त्या कागदावर जे नाही, ते लिहून टाकते.

सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स होता, हैफाला. मी जुन्या ग्रंथांच्या भाषांतरांवर काम करते, त्यासाठी हिब्रू हवी होती आणि स्कॉलरशिपमुळे जाणं जमलं. रोज पाच तास वर्ग, आणि वर्गात हिब्रूशिवाय एक शब्द बोलायचा नाही.

आमच्या बाई साठीच्या, ओरली नावाच्या. त्यांचा एक नियम होता... कोणी बोलत असेल तर मध्येच चूक सुधारायची नाही. माणसाचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. चुका त्या एका चिठ्ठीवर लिहीत आणि नंतर घडी करून गुपचूप हातात देत.

माझी चिठ्ठी कायम सगळ्यात लांब. बाबांचं काम सांगताना 'वितळवणं' आठवेना, म्हणून मी बिनधास्त सांगितलं की माझे बाबा लोखंड शिजवतात. कोणी हसलं नाही. उलट बाईंनी विचारलं, किती वेळ लागतो शिजायला? आणि मी मोडक्यातोडक्या हिब्रूत भट्टीबद्दल दहा मिनिटं बोलले.

तिसऱ्या आठवड्यात होमवर्क मिळालं. आई किंवा वडिलांना त्यांच्या कामाबद्दल विचारायचं, घरच्या भाषेत, आणि रेकॉर्ड करून आणायचं. मग वर्गात ऐकवून हिब्रूत समजावून सांगायचं.

मी बाबांना फोन केला. बाबा हिंदीत सांगू लागले. मी म्हटलं, बाबा, मराठीत सांगा ना, आपल्या घरच्या मराठीत. तर म्हणाले, "वो हमसे नहीं होगा बेटा. मम्मी से करवा लो." आणि फोन आईकडे दिला.

मला काही कळेना. आईला विचारलं, असं काय करतायत? ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "तूच तं टोकलं होतं त्यायले, पाहुण्यायसमोर. तवापासून तुयासंग मराठी नाही बोलत ते. तुले आता दिसून राहिलं का?"

आणि मला ते जेवण आठवलं. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला गेले होते. हॉस्टेलच्या मुली माझ्या 'मले-तुले'ला महिनाभर हसल्या, तशी मी जिद्दीने भाषा बदलून टाकली. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा जेवायला पाहुणे होते, आणि बाबा बोलता बोलता म्हणाले, "मले वाटते..." मी ताटातून मान वर न करता म्हणाले, 'मले' नाही बाबा, 'मला'.

सगळे हसले. बाबाही हसले.

तेव्हापासून सात वर्षं हा माणूस माझ्याशी हिंदीत बोलतोय आणि मला पत्ता नाही! भिलाईत कोण कधी हिंदीवर जाईल याचा नेम नसतो, अर्ध्या वाक्यात गाडी रूळ बदलते. त्यामुळे वडिलांनी माझ्याशी मराठी बोलणं सोडलंय हे मला कधी खटकलंच नाही. माझ्या कानाला हिब्रूतले बारीकसारीक फरक कळत होते म्हणे...

रविवारी, तिथे आठवडा रविवारीच सुरू होतो, मी वर्गात फोनच्या सुरुवातीला रेकॉर्ड झालेली बाबांची हिंदीच ऐकवली. ओरलीबाईंनी विचारलं, तुमच्या घरी हीच भाषा बोलतात? खरं सांगायला मला कुठल्याच भाषेत तोंड नव्हतं. मी म्हणाले, हो, माझे वडील आणि मी नेहमी हीच भाषा बोलतो.

तास संपल्यावर चिठ्ठी मिळाली. त्यावर लिहिलं होतं, आज एकही चूक नाही. खाली एक छोटं फूल काढलेलं. ती चिठ्ठी मी तिथल्याच कचरापेटीत टाकून आले.

परत आल्यावर ठरवून बाबांशी घरच्या बोलीत बोलले. "बाबा, मले चहा पाह्यजे," म्हटलं. बाबांना वाटलं, मी नक्कल करून राहिले. कसनुसं हसले आणि म्हणाले, "अभी बनवाते हैं." माझ्या तोंडी ती बोली आता नक्कलच वाटते, त्यांची काय चूक?

परवा पाहुणे गेल्यावर बाबा मागच्या अंगणात स्कूटर पुसत होते आणि आई कपडे वाळत घालत होती. मी काहीतरी विचारायला निघाले आणि दाराशीच थांबले. बाबा आईला सांगत होते, "पोरगी लय शिकली वो. दुनियेभरच्या भाषा येतात तिले." मग पाहुण्यांबद्दल, त्यांतल्या एकाच्या गुडघ्याबद्दल, बाबा स्वतः पहिल्यांदा भट्टीवर गेले त्या दिवसाबद्दल... तेच सगळं, जे मी हैफाहून रेकॉर्ड करायला मागितलं होतं.

तुमच्या शुभेच्छा पोचल्या, खरंच आभार. पण त्या दुपारी मी पंधरा मिनिटं दारामागे उभी राहून माझ्याच बापाची मराठी चोरून ऐकली. पुढे गेले नाही... मी दिसले असते तर ते लगेच हिंदीत बोलायला लागले असते.