लेकीच्या आधी केलवुडला

रोंडा मिशो कुठेही निघाली की जास्तीचं काहीतरी बरोबर असायचंच. गाडीच्या डिकीत, बर्फात चाक रुतलं तर म्हणून, वाळूची पिशवी, घोंगडी, मेणबत्त्या. चर्चमधल्या शनिवारच्या बीन्सच्या जेवणाला तिचा एक टोप ठरलेला, आणि कुणाचा करपलाच तर असावा म्हणून दुसरा. गावातल्या दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची. उद्याच्या पेशंटांना आज फोन करून आठवण करून द्यायची आणि तरीही कुणीतरी न सांगता दांडी मारणार हे धरून आणखी एकाला ‘जमलं तर येऊन जा हं’ असं सांगून ठेवायची. तिचा नवरा गॅरी गावाचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. तो चारचौघांत सांगायचा, “लग्नाच्या दिवशी मला सारखं वाटत होतं, मागच्या बाकावर कुणीतरी दुसरा सूट घालून तयार बसलाय.”

अशा बाईची लेक जोसलिन कॉलेजचे अर्ज भरायला बसली आणि म्हणाली, “मला एकच कॉलेज हवंय. ॲशकोट.”

 ॲशकोट म्हणजे डोंगरावरचं इवलंसं, नावाजलेलं लिबरल आर्ट्स कॉलेज. दहा चांगल्या मुलांतल्या नऊ जणांना ते नाही म्हणायचं. तिथून नकार आला तर सप्टेंबरात कॉलेजं सुरू झाली की पोरगी जाणार कुठे?

शाळेत मुलांना कॉलेजं निवडायला मदत करणाऱ्या मिसेस हॅस्केल होत्या. त्यांनी मायलेकींना समोर बसवून समजावलं, “एक स्वप्नातलं ठेवा, दोन-तीन आवाक्यातली, आणि निदान एक हमखासचं. जिथे मिळणार म्हणजे मिळणारच.”

रोंडाला वाटलं, चला, जगात कुणीतरी आपल्यासारखं बोलणारं भेटलं. हमखासचं तिने मनात कधीच ठरवून ठेवलं होतं. केलवुड! नदीपलीकडचं, लाल विटांचं, छोटंसंच. तिथल्या मुलांपेक्षा जोसलिनचे मार्क कितीतरी वर.

“केलवुड चांगलंच आहे,” मिसेस हॅस्केल म्हणाल्या. “फक्त एकदा जाऊन या. नाव नोंदवा, मुलाखत द्या. छोट्या कॉलेजांचं लक्ष असतं हो, कोण मनापासून येतंय यावर. तोंडही दाखवलं नाहीत, तर मार्क बघून म्हणतील, ही कसली येतेय आपल्याकडे! आणि नाव बाजूला ठेवतील.”

“म्हणजे मार्क जास्त आहेत म्हणून नाही म्हणतील?”

“म्हणू शकतात.”

“मग त्याला हमखासचं का म्हणायचं?”

मिसेस हॅस्केलनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तशी पद्धत आहे म्हणायची.”

परतीच्या वाटेवर रोंडाने हे मनात तीनदा घोळवून पाहिलं. प्रत्येक वेळी ते वेगळ्याच जागी अडकलं.

घरी जोसलिनने साफ सांगितलं, “मी नाही जाणार. जिथे मला शिकायचंच नाही, तिथे जाऊन ‘तुम्ही मला किती आवडता’ म्हणू? आणि वर तूच शिकवतेस, खोटं बोलू नये.”

“खोटं कशाला? बघून तर ये.”

“बघून आले तरी मला ॲशकोटच हवंय ना! मग ते खोटंच झालं.”

गॅरी जेवता जेवता म्हणाला, “कमाल आहे. हल्ली स्टेपनीलासुद्धा फुलं घेऊन जावं लागतं!”

“तू गप रे,” रोंडा म्हणाली. 

त्या शनिवारी केलवुड सगळ्यांना बघायला खुलं होतं. “बागेतून सफरचंदं घेऊन येते,” असं सांगून रोंडा घरातून निघाली आणि पूल ओलांडून थेट केलवुडला गेली. एकटीच.

बाकी आईबाप मुलांना घेऊन आलेले. केसांची शेंडी बांधलेला कॉलेजचाच एक मुलगा त्यांना आवार दाखवत होता, तोंड पाहुण्यांकडे करून उलटा चालत. रोंडाचा जीव वरखाली. “मागे पायरी आहे, बाळा! अरे, खांब!” तो म्हणाला, “मॅम, मी रोज असाच चालतो.” तरी ती सांगतच राहिली. तळ्यातल्या बेडकांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापिकेला तिने इतके प्रश्न विचारले, की त्या बाईंनी तिला गमबूट देऊन पाण्यापर्यंत नेलं. कॅन्टीनमध्ये मक्याचं सूप पिताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला इथे फार आवडतंय. लेकीसाठी आवडतंय की स्वतःलाच, हे मात्र कळेना.

निघताना तिने प्रवेशाच्या कचेरीत लेकीचं नाव नोंदवलं. तिथली मिस ड्वायर म्हणाली, “आणि जोसलिन कुठे आहे?”

“तिला... ताप आलाय.”

“अरेरे! मग आपण तिची मुलाखत बुधवारी व्हिडिओवर घेऊ. चालेल ना?”

रोंडा हो म्हणून बसली.

घरी जोसलिनने पहिला प्रश्न विचारला, “सफरचंदं कुठेयत?” मग सगळंच बाहेर आलं.

“मॉम! तू माझ्याशिवाय माझं कॉलेज बघून आलीस?”

“तू येत नव्हतीस ना!”

“मग घेऊ दे त्यांना तुझीच मुलाखत!”

दोन दिवस घरात दारं जरा जोरातच लागत होती. पण ठरलेल्या वेळी न सांगता गैरहजर राहणं त्या घरात बसत नव्हतं. दवाखान्यात दांडी मारणाऱ्यांविषयी आई काय काय बोलते, ते ऐकतच जोसलिन मोठी झाली होती. बुधवारी ती केस विंचरून कॉम्प्युटरसमोर बसली. रोंडा धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला म्हणून दाराबाहेर.

“ताप कसा आहे आता?” आतून मिस ड्वायरचा आवाज आला.

“कसला ताप?”

रोंडा टॉवेलांसकट जिन्यावर बसली.

“मला ताप नव्हता,” जोसलिन सांगत होती. “मला यायचं नव्हतं. माझी आईच आली.”

गेलं! रोंडाच्या मनात आलं, एक हक्काची जागा होती, तीही आपणच घालवली. तेवढ्यात पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि जोसलिनने उठून दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. “शनिवारी येते म्हणून सांगितलंय.”

“म्हणजे चांगलं झालं?”

“मला काय माहीत! तिने विचारलं, इथे नाही तर कुठे जायचंय, आणि का? मी ॲशकोटचं सांगायला लागले तर मला दोनच वाक्यं सुचली. आणि दोन्ही त्यांच्या जाहिरातीतली.” जोसलिन जिन्यावर आईशेजारी बसली. “मग ती बेडकांविषयी बोलायला लागली. मॉम, तू खरंच तळ्यात उतरलीस?”

“काठापर्यंतच.”

शनिवारी जोसलिनने बजावलं, “तू गाडीतच बसायचं.” रोंडा बसली. शेंडीवाला मुलगा उलटा चालत लेकीला घेऊन विटांच्या इमारतीमागे दिसेनासा झाला. काच खाली करून ‘पायरी!’ म्हणून ओरडावंसं तिला वाटलं, पण तिने ओठ दाबून धरले.

जोसलिन परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि बुटांना चिखल लागला होता. पट्टा लावून ती समोर बघत राहिली.

“यांनी नाही म्हटलं तर?”

रोंडाकडे याचं उत्तर गेला महिनाभर तयार होतं. ‘हे नाही म्हणणारच नाहीत.’  इथून नकार येणार नाही, आणि आलाच तरी पोरीला काही वाटणार नाही, म्हणून तर हे कॉलेज निवडलं होतं. आणि आता पोरीला हेच हवंसं झालं होतं.

“माहीत नाही गं,” ती म्हणाली.

“पण तू म्हणाली होतीस ना, हमखासचं आहे?”

“होतं. गेल्या आठवड्यापर्यंत होतं.”

जोसलिन आधी रडेल असं वाटलं, मग फिसकन हसली. “आता आणखी एक शोधावं लागणार.”

“शोधू की. मी जाऊन बघून येऊ?”

“नको! तू अजिबात नको. तू बघून आलीस की ते हमखासचं राहत नाही.”

रोंडाने किल्ली फिरवली. ही तक्रार होती की कौतुक, हे तिला पूल ओलांडेपर्यंत काही ठरवता आलं नाही.