मोरी, कडी आणि गादी

बाविसाव्या वर्षी मला दोन खोडी होत्या. पाठीला सॅक लावून भटकायचं आणि जिथे जाईन तिथे नाक मुरडायचं. दुसरी खोड वडिलांकडून आलेली, म्हणूनच बहुधा पहिलीला त्यांनी परवानगी दिली. अट मात्र घातली. "राहायची जागा स्वच्छ आणि सुरक्षित नसेल तर त्याच दिवशी परत यायचं. आणि एकदा तशी परत आलीस, की सॅक कायमची माळ्यावर." सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. पुण्यात आमच्या नात्यागोत्यात मुलीला एवढी मोकळीक देणारे ते एकटेच.

स्वस्तात जागा शोधायची माझी पद्धत ठरलेली होती. आधी मोरी बघायची, मग दाराची कडी, मग गादी उचलून तिची शिवण. बरोबरची मैत्रीण म्हणायची, "तू खोली घेतेस की सोयरीक जमवतेस?"

वसईला आम्ही दोघी संध्याकाळी उतरलो. किल्ला, निर्मळ, आगाशी, अर्नाळा असा चार दिवसांचा बेत होता. माणिकपूरला पहिल्या लॉजवर मॅनेजरने आमच्या खांद्यांवरून मागे पाहिलं. "बरोबर जेन्ट्स कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर रूमही नाही. दुसऱ्या लॉजवर तेच. तिथे मी असा आवाज चढवला की मैत्रिणीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तिसऱ्याने मुकाट्याने किल्ली दिली. मोरी बरी होती, कडी घट्ट बसत होती. गादी मी उचललीच नाही. कोणीतरी आत घेतलं याचंच इतकं बरं वाटलं होतं, की आणखी खोड काढायची लाज वाटली. सकाळी दोघींच्या हातांवर लाल चट्टे. अटीप्रमाणे तेव्हाच परतायला हवं होतं. डास असतील म्हणून आम्ही विषय मिटवला आणि दुसरी जागा बघायची ठरवली.

नंदाखाल गावाला जाणाऱ्या एसटीत शेजारी एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी आमची सगळी हकिकत काढून घेतली आणि थेट आपल्या थोरल्या जावेच्या घरी नेलं. केळीच्या वाडीतलं घर, दारापुढे क्रूस, अंगणात बांबूच्या मांडवावर सुकेळी, म्हणजे सोललेली पिकली केळी, वाळत घातलेली. जाऊबाई पन्नाशीच्या, लाल लुगड्यातल्या. दोघी आपसात घरच्या बोलीत बोलल्या, त्यातलं आम्हाला अक्षर कळलं नाही. मग जाऊबाई आमच्याकडे वळून शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "मागची खोली रिकामी आहे. बदलीवर आलेल्या मास्तरांना देते. बघून घ्या."

बघून घ्या म्हटलं, मी बघितलं. मोरी. कडी. मग त्यांच्यासमोरच गादी उचलली, शिवणीवरून बोट फिरवलं, उशी हुंगली. मैत्रीण डोळे वटारत होती. शिक्षिका जमिनीकडे बघत होत्या. गादीला उन्हाचा वास येत होता.

"झालं बघून?"

"झालं. छान आहे."

"मग आता मी बघते."

त्यांनी माझी सॅक उचलली, अंगणातल्या कपडे धुण्याच्या दगडावर उलटी केली आणि आतली चादर झटकली. दगडावर तीन ढेकूण पडले. चांगले टम्म फुगलेले, आमच्याच रक्तावर पोसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काल लॉजवर..." एवढंच तोंडून फुटलं. आता ही बाई आम्हाला हाकलणार, दुसरी जागा मिळणार नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने पुणं. मला डोळ्यांसमोर घरचा माळा दिसत होता.

त्यांनी सुनेला हाक मारली. चुलीवर हंडा चढला. "अंघोळी झाल्याशिवाय घरात पाय टाकायचा नाही." आमचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात गेले, सॅक दिवसभर उन्हात पालथ्या पडल्या, सुकेळ्यांपासून चांगल्या लांब. आम्ही सुनेच्या साड्या नेसून विहिरीवर कपडे पिळत बसलो. संध्याकाळी घरातली माणसं रोझरीच्या प्रार्थनेला बसली, तेव्हा आमच्यासाठीही सतरंजीवर जागा होती.

तीन दिवस तिथेच राहून आम्ही सगळं पायी फिरलो. निघायच्या सकाळी जाऊबाई, एव्हाना आमच्या मावशी झालेल्या, सुकेळी केळीच्या सुक्या पानांत बांधत होत्या. मी विचारलं, "मावशी, ढेकूण बघूनही ठेवून कसं घेतलंत?"

"ढेकूण काय, गरम पाण्याने मरतात. तू माझ्यासमोर गादी उचललीस ना, तेव्हाच म्हटलं, ही पोरगी राहू दे. न बघता झोपणारी मला घरात नको होती."

मला रडू आलं. मी लॉजवर न बघताच झोपले होते, आणि ते मी त्यांना सांगून टाकलं.

"म्हणून तर चावले," त्या म्हणाल्या आणि सुकेळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली.

परतताना मैत्रिणीने मला शपथ घातली. ढेकणांचं घरी बोलायचं नाही. तुझी सॅक माळ्यावर गेली की माझीही गेली. मी हो म्हटलं होतं. पण वडील दारातच उभे होते आणि पहिला प्रश्न तोच. "जागा कशी होती?" मी सगळं सांगितलं. लॉज, न उचललेली गादी, दगडावरचे तीन ढेकूण, हंडा. मैत्रीण माझ्याकडे बघेना.

वडील म्हणाले, "सॅक आत आणू नकोस. आधी अंगणात झटक."

मी झटकली. काही पडलं नाही. वडिलांनी चष्मा लावून, वाकून फरशी नीट पाहिली. मग पुडी सोडून एक सुकेळं तोंडात टाकलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी कुठे?"