एका मेणबत्तीएवढा वेळ

मुळशीच्या धरणाकाठी आमची वस्ती होती. घराच्या भिंती कुडाच्या आणि वर भाताचा पेंढा. आबा रस्त्याच्या कामावर जायचे, आई दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी-कापणीला. पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी आम्ही तिघं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायचो. तसबीर एका लाकडी खोक्यावर असे, खोक्यावर पांढरं कापड. मेणबत्त्या आबा पौडच्या बाजारातून आणत.

मी चौथीत होते तेव्हाची वैशाख पौर्णिमा. शाळेतल्या बाईंनी उरलेले रंगीत कागद मला दिले होते. त्यांच्या पताका कापून मी खोक्याच्या वर दोरीला चिकटवल्या. शोभून दिसाव्यात म्हणून अगदी खाली, तसबिरीच्या तोंडाशी. वंदना झाली. शेजारीपाजारी खिरीला आले होते, म्हणून आम्ही सगळे अंगणात येऊन बसलो. मेणबत्ती आत जळत राहिली. त्या दिवसांत संध्याकाळी पाण्यावरून वारा सुटतो.

वास आधी आईला आला. ती आत धावली आणि तिच्या मागं मी. पताका पेटून कापडावर पडल्या होत्या आणि जाळ कुडाकडं वळला होता. आईनं पेटतं कापड दोन्ही हातांनी गोळा केलं आणि मागच्या दारानं बाहेर फेकलं. आबांनी भिंतीवर कळशी उपडी केली. वरचा पेंढा वाचला.

आईच्या उजव्या तळव्याची कातडी निघाली होती. महिनाभर तिच्या हाताला कोरफडीचा गर आणि फडकं. भाकरी आबांनी थापल्या, जाडजूड, कडांना कच्च्या. पताका कुणी लावल्या हा विषय घरात कुणी काढलाच नाही, म्हणून शेवटी मीच म्हणाले, "आई, माझ्यामुळं झालं."

"वारा काय तू सोडला व्हतास?" ती म्हणाली. "जाळाला एकटं सोडून समदी भाईर बसलो. चूक समद्यांची."

पुढच्या पौर्णिमेला आबा मेणबत्ती आणायला तयार नव्हते. "आता नगं ते. हात जोडले की झालं."

"मेणबत्तीनं काय वाईट केलं?" आई म्हणाली. "आपल्याला सांभाळता आली न्हाई. या टायमाला मी बघते."

तिनं खोकं भिंतीपासून ओढून घराच्या मधोमध घेतलं. वरचं कापड काढून टाकलं. जर्मनच्या परातीत ओढ्याची ओली वाळू भरली आणि तीत मेणबत्ती चांगली खोल रोवली. वात लांब होती, ती कात्रीनं कापली. वाऱ्याच्या बाजूची झडप लावली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. फुंकर मारायची नाही, विझवायची तर वाटी पालथी घालायची. आणि मेणबत्ती जळतेय तोवर एक माणूस तिथंच बसणार. तो माणूस म्हणजे आई.

मला त्याआधी आई बसलेली आठवतच नाही. ती वाकलेली, चालणारी, डोक्यावर काहीतरी घेतलेली अशीच डोळ्यांपुढं येते. आता पौर्णिमेला ती मांडी घालून बसायची, हात रिकामे. मी पाटी घेऊन तिला खेटून बसू लागले. एकदा तिनं परातीच्या कडेची वाळू बोटानं सारखी केली आणि विचारलं, "माजं नाव कसं लिवत्यात गं?"

मी लिहून दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. भाजलेला तळवा अजून पुरता उघडत नव्हता, म्हणून डाव्या हाताचं बोट.

एका मेणबत्तीत दोन अक्षरं व्हायची. पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्यातलं एक ती विसरलेली असे. "लई निसटतंय गं," म्हणून हसायची. 'थ' तिला कधी नीट जमलाच नाही. असं तीनेक वर्षं चाललं. अभ्यासापेक्षा आमच्या गप्पाच जास्त व्हायच्या. लहानपणी ती किती पोहायची, हे मला तिथंच कळलं.

सातवीनंतर मी पुण्याला वसतिगृहात आले. पहिल्याच पावसाळ्यात एक कार्ड आलं. पत्ता आबांच्या हातचा, मजकूर आईचा. अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली, काही उलटी. खोलीतल्या मुली डोकावू लागल्या तशी मी ते घाईनं वाचलं न वाचलं आणि वहीत दडपलं. मला लाज वाटली. वही पुढं रद्दीत गेली, कार्डही तिच्यासोबत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आई चुलीपुढं होती. तिनं विचारलं, "वाचता आलं का तुला?"

"आलं की."

"काय लिवलं व्हतं, सांग बरं."

मला काही आठवेना. तिच्या ते ध्यानात आलं असणार, पण ती रागावली नाही. चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग मीच सांगते." एकेका शब्दावर थांबत, जसं लिहिलं होतं तसंच, ती बोलत गेली, "लावनी झाली. पाऊस बरा हाय. तुजी जागा मोकळी हाय."