शिसं, थायरॉइड आणि वालाच्या शेंगा

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींचे डोळे आखते. आखत होते म्हणा. गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला आणि एका मूर्तीचं बुबुळ असं सरकलं, की देव शेजारच्या मूर्तीकडे चोरून बघतोय असं वाटावं. मालकांनी दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे पितांबर रंगवायच्या मूर्ती मांडल्या. पितांबर काय, कुणीही रंगवतं! तो सगळा राग मी घरी येऊन नवऱ्यावर काढला. तो म्हणाला, "डॉक्टरला दाखवू गो. डोळे परत तूच काढशील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर थायरॉइड निघाला. गळ्यातली ग्रंथी हार्मोन कमी बनवते, ते गोळीने भरून काढायचं. गोळी सकाळी उपाशीपोटी, वर तासभर चहा नाही. गोळी कमी पडली तर माणूस सुस्तावतो आणि जास्त झाली तर हात कापतात, म्हणाले. मी म्हटलं, "अहो, कापतायत म्हणून तर आले!" ते हसले. मला काही हसू आलं नाही. मग त्यांनी मुंबईला पाठवलं, तिथे रक्तात शिसं सापडलं. जुन्या रंगांतलं असावं, म्हणाले तिथले डॉक्टर. ते शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारी कॅप्सूल त्यांनी सुरू केली.

घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. माझी थोरली बहीण रोह्याला दिलेली. ती मला तिथल्या एका आहारवाल्या बाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, गंधक असलेलं काही खायचं नाही. म्हणजे कांदा, लसूण, अंडी, कोबी, कडधान्यं सगळं बंद. गंधकाने शिसं ढवळून निघतं आणि इथून उठून तिथे जाऊन बसतं म्हणे. आता खायचं काय? भात आणि दुधी!

बरं, त्या कॅप्सूलची बाटली उघडली की सडक्या अंड्याचा भपकारा यायचा. मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, त्यात गंधकच आहे, तोच शिसं पकडतो. मग बाटलीतला गंधक चांगला आणि कांद्यातला वाईट, हे कसं? ते म्हणाले, "कांदा सोडायला कुणी सांगितलं? सगळं खा." बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना जेवणातलं काय कळतं?" दोघंही इतक्या ठामपणे बोलायचे, की मी दोघांपुढेही मान डोलवायची. घरी आले की डोकं नुसतं भणभणायचं. शेवटी गोळी, कॅप्सूल आणि पथ्य, सगळंच चालू ठेवलं. एक सोडावं आणि नेमकं त्यानेच हात थांबणार असला तर?

श्रावण संपून दिवाळी आली तरी मी कांदा खात नाही, हे बघून शेजारणीला वाटलं मी माळ घातली. ती मला भजनाला बोलवायला लागली.

थंडीत खांब गावाला माहेरी पोपटी लावली. भावाच्या शेतातल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं जाळात ठेवलेलं. मडकं उपडं केलं आणि तो वास आला, तसं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काकू म्हणाली, "कंचा नेम धरलास गो? कवा सुटायचा?"

"नाय म्हाईत," म्हटलं आणि बटाटा सोलत बसले. बटाट्याला शेंगांचा वास लागलेला. म्हणजे हाही बाद का? कुणाला विचारू? तेवढ्यात बहिणीने सोललेले दाणे माझ्यापुढे केले. "खा गो, एक दिवसानं काय व्हतंय?"

"तूच नेलीस ना मला त्या बाईकडं!" मी सगळ्यांदेखत ओरडले. मला रडू फुटलं आणि रडत रडतच मी मूठभर दाणे खाल्ले. काय गोड लागले म्हणून सांगू! पुढे आठवडाभर हात समोर धरून बघत होते. कधी जास्त कापायचा, कधी कमी. वालाने, गोळीने की नुसत्या भीतीने, काही समजेना.

गेल्या महिन्यात रिपोर्ट आले. शिसं उतरलेलं, थायरॉइड जागेवर. मुंबईचे डॉक्टर खूश, कॅप्सूल बंद केली. बाई फोनवर म्हणाल्या, "बघा, पथ्याचा गुण!" नवरा तर पेढे घेऊन माझ्याआधी कारखान्यात पोचला. मालक हसत बाहेर आले. "मग ताई, उद्यापासून डोळे तुम्हीच घ्या."

नवऱ्याने पहिला पेढा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि तो चिमटीतच थरथरायला लागला. चुरा साडीवर पडला. मालक आत वळले होते, त्यांनी पाहिलं नाही. नवऱ्याने पाहिलं. त्याने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच विचारलं, "रिपोर्ट नॉर्मल हायत ना गो?"

"व्हय," मी म्हटलं. "सगळे नॉर्मल हायत."