नातीच्या पहिल्या गाण्यातलं सूप

माझी नात सिटी सेंटरच्या एका ऑफिसात नोकरी करते, उरलेल्या वेळात गिटार वाजवते. तिघांचा बँड आहे त्यांचा. आधी एकच गाणं बाहेर काढतात, लोकांना आवडलं तर पुढची. म्हणजे सगळी मदार त्या एकावर.

ती म्हणाली, "आजी, तू डाळ पाखडतेस ना, बस वही आवाज चाहिए. गाणं तुझ्यावरच आहे."

"माझ्यावर कसलं गं गाणं? मी काय केलंय?"

"डाळ निवडलीस. तेच."

निवडली खरी. हे गेले तेव्हा मुलगा मांडीवर होता. सासरे म्हणायचे, आपण फौजेतली माणसं, आपल्या घरची बाई दुकानदाराची डाळ निवडणार नाही. मग खायचं काय, ते काही सांगायचे नाहीत. शेवटी दाल बाज़ारातून पोतं यायला लागलं, पण मागच्या दारानं. सासूबाईंची एकच अट, दाना ओलीत, म्हणजे आमच्या गल्लीत, कुणाला आवाज जायला नको. म्हणून मी कधी पाखडलंच नाही. मांडीवर गोधडी, तिच्यावर सूप, आणि डाळ नुसती घोळायची. कचरा हळूहळू काठाशी येतो, तो चिमटीनं उचलायचा. दुप्पट वेळ लागायचा. खांदे गेले त्यात. मुलगा शिकला.

रविवारी दुपारी तिघं आले. पंखा बंद केला, माझ्यासमोर माइक ठेवला. मी सूप घेतलं. त्यांच्यातला दाढीवाला कानाला डबे लावून बसला होता. जरा वेळानं म्हणतो, "दादी, शुरू कीजिए."

"केव्हाची करतेय!"

नात हसली, मग तिचं तोंड उतरलं. "आजी, आवाज ही नहीं आ रही. जोरात पाखड ना."

हात उचलेना. तीनदा घेतलं, तीनदा घोळलंच. मुलगा दारातून म्हणाला, "सोड गं, आईला दमवू नकोस. सुपाचा आवाज मोबाइलवर मिळतो."

"मिळेल ना, बाबा. पण मग ते आजीचं गाणं कसं?"

डोळे भरले होते पोरीचे. मी गोधडी बाजूला टाकली, उभी राहिले आणि पाखडलं. थप, थप, थप. खिडकी उघडी. गल्लीपलीकडच्या शेजारीणबाई डोकावल्या, "काय हो, एवढं काय चाललंय?"

"दुकानाची डाळ निवडून मुलगा वाढवला, ते दाखवतेय पोरांना."

"दुकानाची? कधी बोलला नाहीत!"

"काकी, प्लीज़, चुप!" नात ओरडली.

दाढीवाल्यानं हात वर केला. "रहने दे, बढ़िया आया है."

गाणं निघालं. मधे नात फार किंचाळते, ते मला नाही आवडत, आणि तिला तसं सांगितलं. पण थापा स्वच्छ आहेत. शेजारणीचा प्रश्न आहे, माझं उत्तर पण आहे. कोण कोण ऐकतंय, ठाऊक नाही. ऐकू दे.