‘श्री’पाशी थांबणारं मशीन

सुरतेत माझं जे काही नाव झालं ते दोन बटणांवर झालं. ती बटणं कुठली हे मी जवळजवळ दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. आता सांगून टाकतो. डाव्या करंगळीखालचं कंट्रोल आणि वरच्या ओळीतलं क्यू. दोन्ही एकदम दाबायची. एवढीच विद्या.

नव्वदीच्या दशकाचा मध्य. पांडेसऱ्यात साड्यांवर छपाई करणाऱ्या एका मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायला होतो. मूळचा खानदेशातला. डिप्लोमा केलेला, तोंडानं फारसं न बोलणारा, त्यामुळे हुशार समजला गेलेला. काचेच्या थंड खोलीत युनिक्सवर चालणारा एक डबा, आणि त्यातून निघालेल्या वायरींवर चार टर्मिनलं: बिलिंगला एक, गोदामात एक, हिशेब बघणाऱ्या मेहताजींकडे एक, केबिनमध्ये शेठकडे एक. टर्मिनलला स्वतःची अक्कल नसते. नुसता पडदा आणि कळफलक. सगळा विचार आतला डबा करतो. आत येताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम मी पहिल्याच आठवड्यात केला. धुळीचं कारण दिलं होतं. शेठ आत येताना हातही जोडू लागले, ते माझ्या सांगण्यावरून नव्हे. पण मी त्यांना थांबवलंही नाही.

आता ज्ञान वाटायलाच बसलोय तर नीट वाटतो. ‘कॉम्प्युटर बंद पडला’ अशी हाक आली की तो दहातल्या आठ वेळा बंद पडलेला नसतो. आधी वायर बघावी. आमच्याकडे झाडूवाली बाई रोज एक तरी ओढायची. मग शेजारच्या टर्मिनलवर जाऊन बघावं. तिथं काम चालू असेल तर डबा जिवंत आहे, दुखणं एकाच पडद्याचं आहे. मग कंट्रोल-क्यू दाबून बघावं. तरीही हलला नाही तर दुसरीकडून लॉगिन करून पीएस कमांडनं अडकलेला प्रोग्राम शोधावा, आणि किल कमांड आधी साधी द्यावी, म्हणजे तो आवराआवर करून जातो. नऊ नंबरची किल म्हणजे मानेवर सुरी. ती शेवटी. आणि काहीही झालं तरी मागचा स्विच खटकन बंद करू नये. मेहताजींनी एकदा केला होता, तेव्हा मला दोन दिवस फाइली जुळवत बसावं लागलं आणि ते दोन्ही दिवस मेहताजी मला चहा आणून द्यायचे.

आता कंट्रोल-क्यूचं. युनिक्समध्ये कंट्रोल आणि एस एकदम दाबलं की पडदा गोठतो. बिघाड नव्हे, सोय आहे. लांबलचक यादी भराभर वर सरकत असेल तर थांबवून वाचता यावी म्हणून. क्यूनं पुन्हा चालू. पण चुकून एस दाबलं गेलं आणि माणसाला हे माहीत नसलं, की त्याच्या दृष्टीनं मशीन मेलं. तो घाबरून वीस बटणं दाबतो, काही होत नाही, आणि मग माझ्या नावानं हाक येते.

“भाई, आवो ने! पाछुं चोंटी गयुं!” मेहताजी ओरडायचे. पुन्हा चिकटलं.

पहिल्यांदा मी गेलो आणि गुपचूप दोन बटणं दाबली. आत साचलेली सगळी अक्षरं झरझर पडद्यावर आली. मेहताजी म्हणाले, “शुं जादू कर्युं?” आणि मला त्या क्षणी बुद्धी सुचली, वाईट. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटले, उजवा हात पडद्यावर ठेवला, ओठांतल्या ओठांत तेराचा पाढा म्हटला, आणि तेरा नव्वे सतरोतरशेला डाव्या हातानं काम उरकलं. पुढच्या आठवड्यात टर्मिनलपाशी उदबत्ती लागली. ती मेहताजींनी स्वतःच्या खिशातून आणली होती.

ती आली तेव्हा माझं हे दैवत चांगलं जागृत होतं.

उधन्यात लूम चालवणाऱ्या एका खानदेशी माणसाची ती मोठी मुलगी. टायपिंगचा क्लास पुरा केलेली. बिलिंगच्या टर्मिनलवर सहा महिन्यांच्या बोलीनं घेतली, दिवाळीला कायम करणार होते. बाकीचे एका बोटानं अक्षरं हुडकत बसायचे. हिची दहाही बोटं चालायची आणि नजर कळफलकाकडे जायचीच नाही. मला ‘भाऊ’ म्हणायची. पाढ्याचा प्रयोग तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, “भाऊ, तुमचा देव डाव्या हाताला बसतो का हो?”

“का?”

“उजवा हात नुसता बसलेला दिसतो. कष्ट डावाच करतो.”

त्यानंतर मी प्रयोगाच्या वेळी डाव्या हातावर रुमाल ठेवू लागलो.

पण तिचं मशीन फार अडायचं. दिवसातून चारपाच वेळा, आणि दर वेळी एकाच जागी. सुरतेत निम्म्या व्यापाऱ्यांच्या पेढीचं नाव ‘श्री’नं सुरू होतं, आणि आमच्या शेठचा हुकूम असा की इंग्रजीत लिहितानाही श्रीचं पहिलं अक्षर, म्हणजे एस, मोठंच हवं. बाकीचे सगळी बिलं मोठ्या अक्षरांतच ठोकून मोकळे व्हायचे. हिला शिकवलेलं तसं ती लिहायची, पहिलं मोठं, पुढची लहान. तिच्या क्लासातल्या टाइपरायटरवर मोठ्या अक्षराचं उजवं बटण मोडलेलं, आणि डावं कोपऱ्यात सगळ्यांत खाली होतं. आमच्या टर्मिनलवर त्या जागी कंट्रोल होतं. करंगळी सवयीनं तिथं जायची. दुसरं कुठलंही अक्षर असेल तर मशीन नुसतं ‘टुक्’ करायचं आणि ती सुधारून पुढे जायची. एस आलं की गोठलंच.

मी येऊन मंत्र म्हणायचो. साचलेली अक्षरं बाहेर यायची, पण त्यात एस नसायचं; ते तर हुकूम म्हणून खर्ची पडलेलं. पडद्यावर उरायचं नुसतं एच-आर-ई-ई.

मेहताजींनी ते एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि चष्मा काढून म्हणाले, “बेन, तमारा हाथथी श्री लखातुं नथी.” तुमच्या हातून श्री लिहिलं जात नाही.

ऑफिस हसलं. तीही हसली. मीही.

दिवाळीच्या आधी शेठच्या केबिनमध्ये बैठक झाली. लाभपाचमीला नव्या वर्षाचं पहिलं बिल निघतं, आणि ते बिलिंगच्या टर्मिनलवरून, म्हणजे तिच्या हातून निघणार. मेहताजींनी विषय काढला. शेठ माझ्याकडे वळले. “भाई, आप बताओ. हाथ का कुछ होता है इसमें?”

ती दारात उभी होती. तिचं कायम होणं त्या उत्तरावर आहे, हे तिला कळत होतं, मलाही. मी म्हणायला हवं होतं की करंगळी दोन बोटं वर घ्यायला सांगा, झालं. पण मग रुमाल, उदबत्ती, तेराचा पाढा, सगळंच उघडं पडलं असतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, “हाथ हाथ का फर्क तो होता है, शेठ.”

खरं सांगायचं तर, म्हणताना मला आतून हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला फोल्डिंगला बसवलं, साड्यांच्या घड्या घालायला. फोल्डिंगच्या निम्म्या बाया तिच्याच गल्लीतल्या. ती घरी पोचायच्या आत बातमी उधन्याला पोचली असणार.

दोनेक आठवड्यांनी कँटीनकडे जाताना ती समोर आली. टोमणा येईल म्हणून मी तयारीत होतो. ती हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, माझा हात बरा होण्यासारखा आहे का?”

मी कँटीनला गेलोच नाही. त्याच सुट्टीत मी काचेच्या खोलीत जाऊन बिलिंगच्या लॉगिनच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली: एसटीटीवाय, आणि पुढे ती गोठण्याची सोय बंद करायचा शब्द. ज्यांना ही सोय नकोच असेल त्यांनी हे जरूर करावं. लांब यादी येताना कधी एखादी ओळ गळते, तेवढं सोसावं. मग मी मेहताजींना जाऊन सांगितलं की तिच्या हाताची शांत करावी लागेल.

“सामान?”

“एक नारळ. आणि टर्मिनलवर लाल कापड, तीन दिवस.”

तीन दिवस कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही. मजा वाटत होती.

चौथ्या दिवशी कापड काढलं. ती बसली, श्री लिहिलं. ‘टुक्’ झालं, तिनं सुधारलं, पुढे गेली. दिवसभरात एकदाही अडलं नाही. शेठनी तिला कायम केलं आणि मला सुरती मिठाईचा, घारीचा, डबा दिला. संध्याकाळी ती माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

उन्हाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीला सकाळी मी उधन्याला गेलो. दोन चाळींच्या मधल्या जागेत मांडव, शेजारच्या लूमचा खडखडाट सुरूच. मला मानानं पुढे खुर्ची दिली. मुलीचा हात बरा करणारे साहेब म्हणून दोघातिघांनी ओळख करून दिली. नवरी पाटावर बसली. आईनं हळदीची वाटी थोरलीपुढे धरली.

“तू पहिली लाव वं. मोठी बहीन शेस.”

“नको माय. मना हात नको.”

“अवं, तो तर साहेबनी बरा करी दिधा ना?”

“बरा करेल शे,” ती म्हणाली. “पन बिघडेल व्हता ना?” बरा केलाय, पण बिघडलेला होता ना?

मग वाटी मावशीकडे गेली. नवरी मान वळवून बहिणीकडे बघत होती, आणि मावशी तिच्या गालाला हळद लावत होती.

जेवणाच्या वेळी ती मठ्ठ्याच्या पातेल्यापाशी होती. मी ग्लास घेऊन गेलो आणि बोलून टाकलं. करंगळी, कंट्रोल, एस, क्यू, लॉगिनमधली ती ओळ. पाढासुद्धा सांगितला. ती ऐकता ऐकता ग्लास भरत होती.

“म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं?”

“काहीच नाही, ताई. उलट तुम्ही टायपिंग नीट शिकलेल्या, म्हणून झालं. ज्यांना येत नाही त्यांची करंगळी तिथं जातच नाही.”

“मला चांगलं येत होतं म्हणून.”

“हो.”

“आणि तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिनं पळी पातेल्यात सोडली. ओरडेल असं वाटलं. मांडवाकडे बघून ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? मला कोण विचारतं? सोमवारी ऑफिसात सांगा. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर. आणि आता जेवून जा. पाहुणे आहात.”

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

सोमवारी शेठ आणि मेहताजी बिलिंगपाशी उभे असताना मी घसा खाकरला. म्हणालो की ते हाताचं वगैरे काही नव्हतं, एक सेटिंग चुकलेलं होतं.

“कोणाचं?” ती टर्मिनलवरून मान न वळवता म्हणाली.

“माझं,” मी म्हटलं. “मला माहीत होतं. मंत्र वगैरे खोटं होतं. मेरी गलती थी, शेठ.”

मेहताजी मोठ्यानं हसले. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “देखा? इतना काम किया और गलती अपने सिर लेता है.”

बिलिंगचा पडदा आता गोठत नव्हता; तेव्हा ती उठली, सगळ्यांना घेऊन केबिनमध्ये शेठच्या टर्मिनलपाशी गेली, आणि त्यांच्यादेखत कंट्रोल-एसनं पडदा गोठवला, क्यूनं सोडवला. तीनदा. डोळे उघडे ठेवून, रुमाल नाही, पाढा नाही. मेहताजी कौतुकानं माझ्याकडे वळले: “बेनने पण मंत्र शीखवी दीधो!” बेनलाही मंत्र शिकवलात!

मी म्हणालो, नाही, मंत्र नाहीच. पण तोवर शेठनी फर्मावलं होतं की आता पुढच्या लाभपाचमीचं पहिलं बिल बेनच्याच हातून. चांगल्या मनानंच म्हणाले. ती उभी होती. तिला गुजराती माझ्याइतकंच यायचं, हिंदीही. पण ती माझ्याकडे बघत अहिराणीत बोलली, म्हणजे मला एकट्यालाच कळावं.

“लिखसु. पन मनी बहीनले परत हयद कोन लाई, ते आधी इचारा.”

लिहीन. पण माझ्या बहिणीला पुन्हा हळद कोण लावेल, ते आधी विचारा.

“शुं कहे छे?” शेठनी मला विचारलं. काय म्हणते?

ती वाट बघत होती. शेठही. बोलायला एकच वाक्य होतं आणि ते तिनं मला तयार करून दिलं होतं.

“हा पाडे छे, शेठ,” मी म्हणालो. हो म्हणते आहे.

तिनं खुर्ची ओढली आणि ती कामाला बसली.