न फुटलेले ग्लास

माझी भाची ठकी कुठल्याही गोष्टीला आधी मान डोलावते आणि मग घरी येऊन विचारते, "मावशी, म्हणजे काय गं?" लहानपणी ते गोड वाटायचं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ती एका ऑफिसात इंटर्नशिपला लागली, तेव्हा मला धडकीच भरली. इंटर्नशिप नीट पार पडली तर पदवी, नाहीतर अख्खं वर्ष पाण्यात.

ऑफिस पुठ्ठ्याच्या खोक्यांचं. ते खोकी बनवत नाहीत की विकत नाहीत. खोक्याची घडी कशी घालायची, तेवढं ठरवतात. "एवढ्यासाठी ऑफिस?" मी विचारलं. "मलाही तेच कळत नाहीये," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिला खुर्ची मिळाली, टेबल नाही. ज्याच्या हाताखाली तिला दिलं होतं, त्याला सगळे घडीदादा म्हणत. तो "बस" म्हणाला आणि स्वतः उठून गेला. जरा वेळाने भिंतीपाशी उभा राहून त्याने हातातलं खोकं सरळ जमिनीवर सोडून दिलं. खळ्ळकन आवाज झाला. कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. त्याने खोकं कानाशी नेऊन हलवलं, तोंड वाकडं केलं आणि झाडू आणला. ठकीला वाटलं, माणूस भलताच तापट आहे.

मग हळूहळू उलगडलं. भिंतीवर एक लाल रेघ होती. खोक्यात काचेचे ग्लास भरायचे, रेघेइतक्या उंचीवरून खोकं सोडायचं. फुटले की घडी बदलायची. शिवाय जो टाकेल त्यानेच काचा झाडायच्या, असा तिथला रिवाज.

"मी टाकू का?" ठकीने विचारलं.

"टाकणं नव्या माणसाचं काम नाही. तू फक्त भर."

ठकीने मान डोलावली आणि भरायला बसली.

आता, ही मुलगी कशी वाढली ते सांगायला हवं. तिच्या बापाची सारखी बदली. दर दोन-तीन वर्षांनी घर हलायचं आणि माझी बहीण एकेक कप रद्दीत गुंडाळून पोरीच्या हातात द्यायची. फुटक्या काचा गुंडाळून टाकायला ऑफिसात रद्दीचा गठ्ठा होताच. ठकीचे हात आपोआप तिकडे गेले. ग्लास छान भरले, पट्टी चिकटवली, खोकं दिलं.

दादाने सोडलं. धप्प. कानाशी नेऊन हलवलं. आवाज नाही. पुन्हा हलवलं. मग तो आनंदाने असा ओरडला, की आतल्या खोलीतून साहेब धावत आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवस त्या घडीने त्याचा पिच्छा पुरवला होता. "उघडू नका," साहेब म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येतंय, त्याच्यासमोरच उघडू." दादाने तिथूनच बायकोला फोन लावला आणि ठकीला म्हणाला, "तुझ्या हाताला यश आहे गं!"

संध्याकाळी ती हे सगळं मला सांगत होती, तरी चेहऱ्यावर प्रश्नचिन्हच. "एवढा आनंद कशाचा झाला, मावशी? ग्लास फुटणार नव्हतेच की."

"का नव्हते फुटणार?"

"नीट गुंडाळले होते ना. आई गुंडाळते तसे."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचं तिलाच कळत गेलं: परीक्षा घडीची होती, आणि ग्लास वाचवले होते रद्दीने. तोंडचं पाणी पळालं बिचारीच्या.

"आता मला काढून टाकतील?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "पण त्या माणसाची गिऱ्हाइकासमोर शोभा व्हायला नको."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. दादा शीळ वाजवत आला, इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट बघून तिला रडूच आलं. रडत रडतच सांगितलं. दादाने खोकं उघडलं, कागद बाहेर काढले, खुर्चीत बसला.

मग म्हणाला, "परत भर. कागद नकोत."

तिने भरलं. खोकं त्याच्यापुढे धरलं, तर त्याने घेतलं नाही.

"टाक तूच."

ही शिक्षा की काय, तिला कळेना. मान मात्र डोलावली. रेघेपाशी उभी राहिली, डोळे मिटले, सोडलं. खळ्ळ! दादाने खोकं उघडून पाहिलं. काही ग्लास फुटले होते, काही तसेच होते.

"आधी सगळेच फुटायचे," तो म्हणाला.

"म्हणजे चांगलं झालं की वाईट?"

दादा उठला. साहेबांच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात बोलवा म्हणून सांगून आला. ठकी झाडू घेऊन काचा गोळा करत होती. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सुपली धरली.

घरी येऊन तिने विचारलं, "मावशी, म्हणजे मला ठेवलं की काढलं?"